तोकडा किलोमीटर

जानेवारीतल्या एका सकाळी, पहिल्या बॅचची मुलं यायच्या आधी मी प्रयोगशाळेत लंबक टांगत होतो, तेव्हा आमच्या ग्रुपवर बातमी पडली. लातूरहून धाराशिवकडे जाणाऱ्या लाईनीवर विजेच्या इंजिनाची वेगाची चाचणी होणार. ताशी एकशेवीस. गावोगाव सूचना लागली होती की त्या दिवशी रुळांजवळ फिरकू नका, जनावरं बांधून ठेवा. आम्हाला तेवढी सूचना पुरते. रेल्वे ‘येऊ नका’ म्हणाली की आम्ही जेवणाचे डबे भरायला लागतो.

आमचा ग्रुप म्हणजे नांदेड आणि लातूरची गाडीवेडी माणसं. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी नुसतंच घरी बसलेलं. कुठली गाडी कुठल्या इंजिनानं आली, किती मिनिटं मागं होती, कुठल्या पट्ट्यात किती वेगानं गेली, एवढंच आमचं बोलणं. घरच्यांना ह्यातलं काही कळत नाही. माझी बायको पाहुण्यांना सांगते, “हे रेल्वेत नाहीत, पण यांचं मन तिथंच नोकरीला आहे.”

बातमी आल्याबरोबर लातूरच्या मेडिकलवाल्या ताईंनी लिहिलं, “एकशेवीस? आमच्याकडं एवढ्या वेगानं आजवर फक्त अफवा पळाल्या.” त्यांचं औषधाचं दुकान आहे आणि गाडी बघायला जायचं असलं की त्या दुकानावर ‘माल आणायला गेले आहे’ अशी पाटी लावतात. त्यांच्यामागोमाग गार्डकाकांचा आवाज आला. गार्डकाका म्हणजे आमच्या ग्रुपचं मूळ. पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा धरून काढली, आता नांदेडला मुलाकडं असतात. ते टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. “एकशेवीसचं काय कौतुक करून राहिलात? आपल्या सरांनी चौदा वर्षांपूर्वी ह्याच लाईनीवर एकशेअठ्ठावीस मोजलंय. रेल्वे आता आपल्या मागून येऊन राहिली!”

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

ते सर म्हणजे मी. मी सर नाही, नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक आहे. पण ग्रुपात सर झालो, ते त्या एकशेअठ्ठावीसमुळंच. आणि ते एकशेअठ्ठावीस खोटं आहे. हे मला जवळपास तेव्हापासूनच माहीत होतं.

मी फार बोलणाऱ्यातला नाही. आता लिहायला बसलोय तर सगळं लिहितो.

आमची वेग मोजायची रीत साधी. खिडकीशी बसायचं. रुळांच्या कडेला किलोमीटरचा दगड गेला की “दगड!” असं ओरडायचं आणि घड्याळाचं बटण दाबायचं. पुढचा दगड गेला की पुन्हा. मधे जेवढे सेकंद गेले, त्यानं छत्तीसशेला भागलं की ताशी वेग येतो. छत्तीस सेकंद लागले तर शंभर, तीस लागले तर एकशेवीस. ह्याला गार्डकाकांनी पहिल्या दिवसापासून एक नियम घातलेला: एकट्याच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही. दोघांची घड्याळं जुळली तरच वहीत लिहायचं.

त्या एकशेअठ्ठावीसच्या दिवशी मी आणि काका लातूरहून निघालेल्या एका उशिरा धावणाऱ्या एक्सप्रेसमध्ये होतो. ड्रायव्हर वेळ भरून काढत होता. हरंगुळ मागं पडलं, औसा रोड यायचं होतं, आणि गाडीनं असा वेग धरला की काकांच्या हातातल्या कपातला चहा पायजम्यावर सांडला तरी त्यांनी मान वळवली नाही. “दगड!” मी ओरडलो. “दगड!” दोघांनी घड्याळं बघितली. माझ्यात अठ्ठावीस सेकंद, त्यांच्यात अठ्ठावीस. अठ्ठावीसनं छत्तीसशेला भागा. काकांनी मला सगळ्या डब्यादेखत मिठी मारली.

माझं घड्याळ कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं होतं. लंबकाच्या प्रयोगाचं. हेही सांगून टाकतो, न विचारता आणलेलं.

आता माझ्या मित्राबद्दल. तो औसा रोड स्टेशनच्या अलीकडच्या एका गावचा, घरची शेती करणारा. त्याचं रान लाईनीला लागून आहे. लहानपणी त्यानं जुनी छोटी गाडी बघितली, मग ती लाईन उखडलेली बघितली, मग मोठी लाईन येताना बघितली. त्याच्याकडं आमच्यासारखी खिडकी नव्हती, म्हणून त्याची रीत वेगळी होती. बांधावर एक लिंबाचं झाड. इंजिनाचं नाक झाडाला लागलं की घड्याळ सुरू, शेवटचा डबा गेला की बंद. डबे मोजायचे, एका डब्याची लांबी ठाऊक, म्हणजे सगळ्या गाडीची लांबी आली. तेवढी लांबी झाडापुढून जायला किती सेकंद लागले, त्यावरून वेग.

त्या दिवशी तोही बांधावर होता. संध्याकाळी आमचा आकडा ऐकून त्यानं मला फोन केला.

“तुमी म्हनता तेवढी न्हवती गाडी. अठरा डबे होते. इंजिन धरून चारशेवीस मीटर. चौदा सेकंदं लागली. एकशेआठ. फार तर एकशेदहा.”

“दोन घड्याळं जुळलीत आमची,” मी म्हणालो.

“तुमची घड्याळं जुळली असतील. पर मी बी झाडापाशीच हुतो ना. झाड काय चालत न्हाई.”

“एकदा तपासून बघ. सेलबिल गेला असेल.”

तो म्हणाला, “बरं.”

त्या ‘बरं’वर मी फोन ठेवला. माझ्या मनात शंका नव्हती. दोन घड्याळं एकमेकांना तपासत होती. दगडाला कुणी तपासत नव्हतं, एवढंच.

एका स्थानिक पुरवणीत माझा फोटो आला. तो बघून आमच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. वीस वर्षं मी त्या इमारतीत लंबक टांगले, भिंगं पुसली, मुलांनी फोडलेल्या तापमापकांच्या काचा गोळा केल्या. प्राध्यापक मंडळी मला ‘जरा ते देता का’ एवढंच म्हणायची. आता मला हॉलमध्ये बोलायला सांगितलं. विषय, ‘वेग कसा मोजतात’. तारीख पंधरा दिवसांवर होती.

त्या पंधरा दिवसांत मी एका रविवारी माझ्या त्या दोन दगडांचा फोटो काढायला गेलो. भाषणात दाखवायला. तिथं रुळांची रोजची पाहणी करणारा कीमन भेटला. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला टॉवेल. मी त्याला माझा पराक्रम सांगितला. तो हसला.

“ह्या दोन दगडांत? सायेब, हा किलोमीटर तोकडा हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजी हजार मीटर न्हाईच. जुन्या लाईनीचं वळण काढून टाकलं ना इथं. रस्ता आखूड झाला, दगडांचे नंबर तसेच धरले. आमाला मालूम हाय. गाडीतल्या मान्साला काय मालूम?”

मी त्याला सोबत घेऊन एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालत गेलो. रुळांखालचे आडवे स्लीपर मोजत. पूर्ण किलोमीटरात सोळाशे साठ असतात. तेराशे ऐंशीला दुसरा दगड आला. मी तिथंच कागदावर हिशेब केला. आठशेतीस मीटर, अठ्ठावीस सेकंद. वेग एकशेसात.

माझ्या मित्रानं झाडाशी उभं राहून एकशेआठ काढलं होतं.

कुठल्याही सरळ माणसानं त्याच संध्याकाळी काकांना फोन केला असता. मीही स्टेशनवर बसून नंबर काढला होता. मग मला हॉल आठवला, निमंत्रणपत्रिकेवरचं माझं नाव आठवलं. मनाशी म्हणालो, भाषण होऊ दे, मग सांगू. भाषणाच्या दिवशी बघितलं तर मागच्या रांगेत माझा मित्र बसलेला. औशाहून दोन एसट्या बदलून आला होता, स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट घालून. मी बोलत होतो आणि मला सारखं वाटत होतं की प्रश्नांची वेळ आली की हा उठेल. तो उठायच्या आधी मी त्याला बसवला. मी म्हणालो, “काही लोक गाडी घड्याळानं मोजत नाहीत, कानानं मोजतात. त्यांना प्रत्येक गाडी आपल्या बैलगाडीएवढीच वाटते.”

हॉल हसला. पहिल्या रांगेतले प्राध्यापकही हसले. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पुढं तो ग्रुपातून निघून गेला. कुणी विचारलं की मी म्हणायचो, “शेतीची कामं असतील.” दुष्काळाच्या वर्षी त्याच लाईनीवरून लातूरला पाण्याच्या वाघिणी आल्या, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. त्या दिवशी घड्याळ काढायची हिंमत कुणाला झाली नाही. मला तो पलीकडच्या बांधावर उभा दिसला. त्यानंही मला बघितलं असावं. मी हात केला नाही.

तर अशी चौदा वर्षं गेली, आणि गार्डकाकांचा तो आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोनही आला. बेत ठरला होता. चाचणीच्या दिवशी रुळांपासून लांब एका टेकाडावर थांबायचं, तिथून ते दोन्ही दगड दुर्बिणीतून दिसतात. आपल्याच किलोमीटरात मोजायचं. “एकशेअठ्ठावीस तुटतं का ते बघू. न्हाई तुटत. लिहून घ्या.”

मी त्या क्षणी हिशेब केला. खरी एकशेवीसनं गेलेली गाडी त्या तोकड्या किलोमीटरात पंचवीस सेकंद घेईल, आणि आमच्या वहीत एकशेचव्वेचाळीस लागेल. रेल्वे संध्याकाळी म्हणेल एकशेवीस, आम्ही म्हणू एकशेचव्वेचाळीस, आणि मग कुणीतरी दगडापर्यंत चालत जाईल. आणि आम्ही मोजलंच नाही, तर रेल्वेचं एकशेवीस आमच्या खोट्या आकड्याखाली लोळत पडेल. ह्या लाईनीवरचा खराखुरा पहिला विक्रम, आणि ग्रुपातली चाळीस माणसं त्याला नाक मुरडणार, माझ्यामुळं.

मी खरं बोलायचं ठरवलं ते लाजेनं की पकडला जाईन ह्या भीतीनं, हे मलाच नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. भीती जास्त असेल.

आधी मित्राला गाठायचं ठरवलं. कॉलेजातून रजा घेतली, सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर, तिथून पुढं दुसरी गाडी, मग दोन किलोमीटर पायी. तो रानातच होता. हरभरा घाट्यांवर आला होता. केस पांढरे झालेले, अंगानं वाळलेला, पण चाल तीच. मला बघून त्यानं विळा खाली ठेवला नाही.

“कोन? सर का? इकडं कुठं वाट चुकलात?”

“तुझ्याकडंच आलोय.”

“माझ्याकडं? हितं तर बैलगाड्याच हायेत.”

ते वाक्य त्यानं चौदा वर्षं सांभाळून ठेवलं होतं. मी बांधावर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कीमन, स्लीपर, तेराशे ऐंशी, भाषणाआधी माहीत असणं, सगळं. तो ऐकत ऐकत हरभरा उपटत होता. माझं संपल्यावरही त्याचा हात थांबला नाही.

“मला ठाव हुतं,” तो म्हणाला.

“काय ठाव होतं?”

“किलोमीटर तोकडा हाय ते. त्या वळणाला लागून आमच्या चुलत्याचं रान. लाईन सरळ केली तव्हा मोजणीला मीच साखळी धरली हुती. तुमी फोनवर सेल बघ म्हनलात, तव्हा रात्रभर इचार केला. मंग ध्यानात आलं, ह्यांचे दगड कुठले.”

“मग बोलला का नाहीस?”

“तेच सांगाया तर आलतो नांदेडला.” आता तो थांबला. “म्हन्लं फोनवर नको, मानूस नाराज हुईल. कार्यक्रम झाल्यावर बाजूला घेऊन सांगावं. तुमचीच इज्जत ऱ्हाईल. तर तुमी तिथं माझीच बैलगाडी जुपली.”

चौदा वर्षं मी समजत होतो की तो मला उघडं पाडायला आला होता.

त्याची बायको जेवणाचं टोपलं घेऊन आली. मला ओळखून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि तेवढ्यात नवऱ्याला म्हणाली, “पाव्हन्याला पानी तरी इचारलं का? का नुसतं घाम काढून राहिलात?” तिनं काट्याकुट्यांचा जाळ केला, त्यात हरभऱ्याचे डहाळे पाल्यासकट टाकले. आम्ही तिघं काळ्या हातांनी भाजके घाटे सोलून खात बसलो. बराच वेळ कुणी गाडीचं नाव काढलं नाही.

निघताना मी म्हणालो, “चाचणीला ये.”

“मी कामून यावं?”

“तू मोजायला हवंस.”

“सर, मला हितं येऊन सांगितलं, बरं केलं. पर मला काय सांगता? मी तर मोजलंच हुतं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांला सांगा. माझ्या माघारी नगं, माझ्यादेखत सांगा. मंग मोजीन.”

चाचणीच्या आदल्या रात्रीच मी आणि काका नांदेडहून लातूरला मुक्कामाला आलो होतो. सकाळी मेडिकलवाल्या ताईंच्या गाडीतून टेकाडावर गेलो. बाकीचे ग्रुपवाले हरंगुळ स्टेशनाबाहेर जमले होते. काकांनी माकडटोपी घातलेली, गळ्यात दुर्बीण, काखेत वही. ऊन नुकतं तापायला लागलं होतं. विजेचे खांब रांगेनं उभे, तारा चकाकत होत्या. मी टेकाडावर थांबायचं नाही म्हणालो.

“का हो सर? मोक्याची जागा ही!”

“खाली एका रानात जायचंय. तिथं लिंबाचं झाड आहे.”

ताईंनी माझ्याकडं बघितलं आणि गाडी वळवली.

तो झाडाखाली उभा होता. त्यानं काकांना वाकून नमस्कार केला. काका ओळखून म्हणाले, “अरे! तू होय! कुठं गायबलास रे बाबा?”

“ते सर सांगतील,” तो म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

मी सांगितलं. भाषणात बोललो होतो तशी वळणं न घेता, सरळ. किलोमीटर तोकडा आहे, एकशेअठ्ठावीस कधीच नव्हतं, एकशेसात होतं, ह्यानं बरोबर काढलेलं होतं, मला भाषणाच्या आधीपासून माहीत होतं, आणि तरी मी हॉलमध्ये ह्याचं हसं केलं. ताईंनी फोन बाहेर काढला होता तो खाली केला. मी म्हणालो, “नाही, ग्रुपवर पण टाका. मीच बोलून टाकतो.” आणि तिथंच उभं राहून काकांसारखा आवाज भरून पाठवला. पहिल्यांदा नुसता वारा गेला. दुसऱ्यांदा बोलणं गेलं.

मला वाटलं होतं काका चिडतील. ते लिंबाच्या मुळावर बसले. टोपी काढली. खूप म्हातारे दिसले.

“माझं बी घड्याळ होतं की त्यात,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं गाडीच्या शेपटाला बसून काढली. तोकडा किलोमीटर मला कळू नये?”

“काका, तुमी ह्या लाईनीवर कव्हा हुता?” माझा मित्र म्हणाला. “तुमची मोठी लाईन, पयल्यापासून सरळ. हितं आमच्याकडं समदंच तोकडं.”

काका हसले नाहीत, पण त्यांनी वही उघडली, जुनं पान काढलं, त्या आकड्यावर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: ‘एकशेसात. दगड चूक.’ मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “दगडच न्हाई फक्त.” मी मान हलवली. तेवढं मला मिळायलाच हवं होतं.

मग माझ्या मित्रानं कामं वाटली. घड्याळ तो धरणार. ताई व्हिडिओ घेणार. काका नाक झाडाला लागलं की ओरडणार. “आन् सर, तुमी डबे मोजायचे. नुसते डबे.”

शाळेत नापासाला खडू धरायला देतात तसं ते काम होतं. मी आनंदानं घेतलं.

गाडीचा आवाज आधी आला नाही, तारा थरथरायला लागल्या. मग वळणावर इंजिन दिसलं आणि दिसेपर्यंत जवळ आलं. काका ओरडले, “लागलं!” रुळांच्या कडेचा सगळा पाचोळा उठला. मी मोजत होतो, एक, दोन, तीन, चार, आणि मग माझी नजर त्याच्याकडं गेली. त्याचा अंगठा बटणावर, ओठ घट्ट, डोळे गाडीच्या शेवटावर. चौदा वर्षांपूर्वीही तो असाच उभा असणार, एकटा, बरोबर. मी पुन्हा गाडीकडं बघितलं तेव्हा शेवटचा डबा निघून गेला होता.

“नऊ सेकंदं, वर दोन दशांश,” तो म्हणाला. “डबे?”

सगळे माझ्याकडं बघत होते. बारा असावेत. बाराच असणार, असं माझ्या मनानं लगेच सांगितलं, कारण बारा धरले तर हिशेब एकशेवीसला सुरेख बसत होता. तेरा धरले तर एकशेतीस. ‘बारा’ म्हणायला जिभेला काहीच कष्ट नव्हते.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “बारा की तेरा. मधे माझं लक्ष गेलं.”

“कुठं लक्ष गेलं?” काका ओरडले. “आयुष्यात एकदा येते अशी गाडी!”

“ह्याच्याकडं.”

माझा मित्र माझ्याकडं बघतच राहिला. मग त्याला असं हसू फुटलं की त्याला झाडाला हात टेकावा लागला. “हात् तिच्या! आमी कानानं मोजतो, आन् ह्यांला डोळ्यानं बी मोजता येईना!”

“माझ्या व्हिडिओत असतील की,” ताई म्हणाल्या. आम्ही चौघं फोनवर वाकलो. आधी इंजिन होतं, मग पाचोळा, मग काकांची माकडटोपी, आणि शेवटी बरीच जमीन.

“ताई, औषधं तरी बघून देता ना?” काका म्हणाले.

“तुम्ही मधे उड्या मारल्यात काका, माझा काय दोष?”

मला वाटलं, संपलं. ह्याच्या हातात अखेर खरा विक्रम आला होता आणि तोही मीच घालवला. मी तसं म्हणालो. त्यानं विळ्यानं जाळासाठी काट्या तोडायला सुरुवात केली होती.

“घालवला कशाला? गाडी तिकडंच ऱ्हानार हाय का? माघारी येईल की. सावकाश येईल. मंग चौघं मिळून मोजू.”

ती दुपारी तीनच्या पुढं आली. तोवर आम्ही त्याच्या बायकोनं पाठवलेल्या भाकरी खाल्ल्या. ग्रुपवर काय काय चाललं होतं ते ताई मधूनमधून सांगत होत्या; दोघंजण माझ्यावर फार संतापले होते, एकानं लिहिलं होतं की त्याला आधीपासूनच शंका होती, आणि बाकीचे विचारत होते की आज किती आलं. मी फोन हातात घेतला नाही. काका माझ्याशी थेट बोलत नव्हते, पण त्यांनी माझ्यापुढं लोणचं सरकवलं.

परतीची गाडी तीस-चाळीसच्या वेगानं डुलत आली. आम्ही बांधावर एका रांगेत उभे राहिलो आणि मोठ्यानं मोजायला लागलो. पलीकडच्या रानातले लोक थांबून आमच्याकडं बघत होते. एका डब्याच्या खिडकीतून एका साहेबानं हात हलवला. कुणीच उलटा हात केला नाही, आकडा चुकला असता.

“दहा! अकरा! बारा!”

मग मोकळी लाईन.

काकांनी हिशेब दोनदा केला, मग वही मित्रापुढं धरली. त्यानं तिसऱ्यांदा केला. इंजिन धरून तीनशेआठ मीटर, नऊ सेकंद दोन. एकशेवीस, वर अगदी थोडं. “लिहा,” तो म्हणाला.

“कुणाच्या घड्याळावर?” काकांनी विचारलं. “नियमाप्रमाणं दोन लागतात.”

“मंग नका लिहू. पुढच्या येळंला दोन आना.”

“लिहितो रे बाबा, लिहितो. रुसतो कशाला? पण एक सांग, हे इंजिन वीस मीटर तू कशावरून धरलंस?”

“धरलं म्हंजी? कागदावर हाय की!”

“पुढचे-मागचे ते धक्के झेलणारे बफर धरून की सोडून?”

तो चिडला. काका उठून उभे राहिले. ताई म्हणाल्या, चला, अंधाराच्या आत मला दुकान उघडायचंय. दोघांनीही ऐकलं नाही. मित्र माझ्याकडं वळून म्हणाला, “सर, तुमी तरी सांगा ह्यांला. बफर धरायचा असतो का न्हाई?”

“मला नक्की ठाऊक नाही,” मी म्हणालो. “हरंगुळला एखादं इंजिन उभं असेल. मोजून बघू.”

“चला मंग,” तो म्हणाला आणि विळा झाडाच्या बेचक्यात अडकवून गाडीत मागच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसला.